लिहून-रंगवून पोट भरणाऱ्यांचा बर्नआउट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिकांचे लेखक, दिवाळी अंकांचे चित्रकार, ग्राफिक डिझायनर, अनुवादक, नाटकाची प्रकाशयोजना करणारे अशा सगळ्यांची कामं निराळी आहेत. पण दमून खाली बसल्यावर विचारले जाणारे प्रश्न जवळपास सारखेच असतात. मी मालिकांसाठी संवाद लिहिते आणि लेखन शिकवते. तिथे आणि नंतर रात्री-बेरात्री फोनवर मला जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टर लागतो, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

हा बर्नआउट आहे की मी नुसता दमलोय?

नुसता थकवा झोपेने आणि दोन-चार दिवसांच्या सुट्टीने उतरतो. गावाला जाऊन आलात, पोटभर झोपलात, आणि परतल्यावर अर्धवट राहिलेली फाईल उघडावीशी वाटली, तर तो थकवा होता. बर्नआउटमध्ये परतीच्या गाडीतच पोटात गोळा येतो. काम सुरूही झालेलं नसतं आणि माणूस संपलेला असतो.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये यावर लेख लिहिला. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात काम करणारे कार्यकर्ते त्याच्यासमोर होते. पैशासाठी नव्हे, तळमळीने आलेली ही माणसं हळूहळू कोरडी, चिडकी होत गेली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे ‘आवडीचं काम आहे ना, मग दमायला काय झालं’ असं सर्रास म्हणतात. आवडीच्या कामातच माणूस स्वतःला राखून ठेवत नाही.

पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी याच्या तीन बाजू मांडल्या. मालिका लिहिणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर अशा : पहिली, सीन लिहायच्या आधीच अंगात त्राण नसणं. दुसरी, कामाबद्दल तुसडेपणा, म्हणजे ‘कोण बघतंय एवढं, टाका काहीतरी’. तिसरी, आपल्याला हे कधी येतच नव्हतं, आजवर निभावलं इतकंच, अशी खात्री वाटू लागणं. तिन्ही गोष्टी महिनोन्‌महिने मुक्कामाला असतील तर सुट्टीच्या पलीकडचा विचार करायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं, बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळल्यामुळे होणारी अवस्था, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे बोट तुमच्या स्वभावाकडे नाही, कामाकडे आहे. हे लक्षात ठेवा, पुढे अनेक उत्तरांत ते उपयोगी पडेल.

डॉक्टरकडे कधी जायचं?

दोन कारणांसाठी जायचं, आणि दोन्हींसाठी लवकर.

पहिलं कारण शरीर. थायरॉइड मंदावणं, हिमोग्लोबिन कमी असणं, बी-12 किंवा डी जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, या सगळ्यांत माणूस असाच गळून जातो. फॅमिली डॉक्टरांना सांगून साध्या रक्ततपासण्या करून घ्या. प्रतिभा आटली म्हणून महिनाभर झुरायचं आणि शेवटी थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच वाढलेला निघायचा, असं व्हायला नको.

दुसरं कारण नैराश्य. बर्नआउट सहसा कामाभोवती घुटमळतो. कामापासून लांब गेल्यावर, मित्रांत, पोराबाळांत थोडं बरं वाटतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, आपण कुणाला नकोसे आहोत असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर आज, आत्ता कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. फोन लावायला धीर होत नसेल तर शेजारच्या माणसाला लावून द्यायला सांगा.

मला काहीच सुचत नाही. माझ्यातलं संपलं का?

नाही. मला सर्वात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि उत्तर दरवेळी हेच आहे.

सुचणं म्हणजे नेमकं काय होत असतं ते पाहा. एखादी कल्पना पहिल्यांदा येते तेव्हा ती वेडीवाकडी, अर्धी, बहुतेक वेळा बाळबोध असते. ताजा माणूस तिच्याशी थोडा वेळ खेळतो, उलटी करून बघतो, बाजूला ठेवतो, परत उचलतो. दमलेल्या माणसाकडे या खेळाला लागणारी सवड आणि माया उरलेली नसते. कल्पना आली रे आली की आतून आवाज येतो, ‘हे झालंय’, ‘हे चॅनेल घेणार नाही’, ‘यावर चॅनेलचा क्रिएटिव्ह हसेल’. म्हणजे कल्पना यायची थांबलेली नसते. दारातच तिला हाकललं जातं.

मालिका लिहिणाऱ्यांत हे फार लवकर होतं. आठवड्याला सहा-सात भाग. गुरुवारी टीआरपी आला की कथानकाची दिशा बदलते. सकाळी मंजूर झालेली वनलाइन, म्हणजे भागाचा थोडक्यात आराखडा, दुपारी रद्द होते, आणि सेटवर मेकअप करून बसलेले कलाकार सीनची वाट बघत असतात. अशा दिवसांत नकार आधीच ओळखायची सवय लागते, कारण तेवढेच दोन तास वाचतात. काही वर्षांनी ही सवय स्वतःच्या कवितेलाही लागू होते. ती सवय आहे, आणि सवय मोडता येते. वेळ लागतो.

ग्रॅहम वॉलस यांनी 1926 मध्येच सर्जनाचे चार टप्पे सांगितले होते : तयारी, मुरवण (कल्पना मनात मुरू देणं), स्फुरण आणि पडताळणी. आपल्या धंद्यात पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याला बिलात जागा मिळते. मुरवणीला कुणी मुदत देत नाही. बर्नआउटमधून बाहेर येणारा माणूस बहुतेक या दुसऱ्या टप्प्याची वर्षानुवर्षांची थकबाकी फेडत असतो.

मग या काळात लिहायचं, चित्रं काढायची, की सगळं बंद ठेवायचं?

सुरुवातीचे काही आठवडे, शक्य असेल तर, बंद. पेनाला हात लावलाच पाहिजे असं नाही. त्यानंतर मात्र थोडं काहीतरी हाताने करणं चांगलं. दाखवायचं काम नको, करायचं काम हवं. गाणाऱ्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही. मैफल बंद असली तरी सकाळी तानपुरा लावून खर्जात ‘सा’ धरून बसता येतं. तिथे समोर श्रोता नसतो, दाद नसते, बिदागी नसते. लिहिणाऱ्यांनी आणि चित्रकारांनी असा रियाज स्वतःसाठी शोधून काढावा लागतो.

मी अनेकांना बोरू, म्हणजे शाईत बुडवून लिहायची जुनी लेखणी, सुचवते. दुकानात मिळतो तो घ्या, टोकाला धारदार ब्लेडने तिरका काप द्या, दौतीत बुडवा आणि जुन्या वर्तमानपत्रावर गिरवा. वर्तमानपत्राचे रकाने आयती रेघ देतात. आधी उभे दंड. पानभर दंडच. मग आडव्या रेषा, मग अर्धगोल. त्यानंतर व, ब, क ही एका कुळातली अक्षरं. शाई जास्त झाली की फराटा पसरतो, कमी झाली की बोरू कागदावर कुरकुरतो आणि मध्येच पांढरं सुटतं. हात कुठे थरथरला ते लगेच दिसतं. यात सुचण्याचा प्रश्नच येत नाही, कारण अक्षर आधीच ठरलेलं आहे. अर्ध्या तासाने रद्दीची चळत उचलायची आणि टाकून द्यायची. जपून ठेवू नका, फोटो काढू नका.

बोरू जमत नसेल तर ज्ञानेश्वरीतल्या रोजच्या चार ओव्या वहीत उतरवून काढा, किंवा खिडकीतल्या एकाच झाडाचं पेन्सिलने रेखाटन करा, किंवा आजीच्या गोधडीचा टाका शिकून घ्या. एकच अट : ते विकायचं नाही आणि कुणाला दाखवायचं नाही.

पण थांबलो तर मागे पडेन, विसरतील मला.

भीती खोटी नाही. आपल्या क्षेत्रात फोन यायचे थांबतात हे खरंच आहे. तरी दोन-तीन माणसं बघा.

चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच, साधारण पाच-सहा चित्रं करत. 1984 मध्ये अपघात झाला, मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहून काम करणं जमेना, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने छोटी रेखाटनं केली. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे आले. फ्रान्सचा चित्रकार मातिस याचंही असंच. 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभ्याने रंगवणं अवघड झालं, आणि तो खुर्चीत किंवा अंथरुणात बसून रंगवलेले कागद कात्रीने कापू लागला. त्या कातरकामाने त्याच्या उतारवयातल्या कामाला नवं रूप दिलं. गायिका किशोरी आमोणकरांचा आवाज तरुणपणी काही काळ गेला होता. गाता येत नव्हतं तरी गाण्याचा विचार थांबला नव्हता, आणि पुढे जे गाणं आलं त्यात जयपूर-अत्रौली घराण्याच्या शिस्तीसोबत त्यांचा स्वतःचा भावविचार होता.

यातला कुणालाही बर्नआउट झाला होता असं मी म्हणत नाही. शरीराने घातलेली बंदी होती ती. मला त्यांच्याकडून एवढंच घ्यायचं आहे की त्यांनी आधीच्याच मापाचं काम आधीच्याच वेगाने करायचा हट्ट धरला नाही. माप बदललं, साधन बदललं, कधी नुसता विचार केला. कॅनव्हासवाल्याने पोस्टकार्ड घ्यावं, कादंबरीवाल्याने चार ओळी लिहाव्यात.

सुट्टी परवडत नाही. घराचा हप्ता आहे, मुलांची फी आहे.

बहुतेकांची हीच स्थिती आहे. ‘सहा महिने हिमालयात जा’ छापाच्या सल्ल्याचा मला राग येतो. घरात एकटा कमावता माणूस असेल तर काम थांबत नाही. अशा वेळी काम कमी करण्याआधी कामातला जाच कमी करता येतो का ते बघावं.

मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची मुळं सहा जागी शोधली : कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय आणि मूल्यं. ही यादी घेऊन वहीचं एक पान भरा. तुमचं नेमकं कुठे दुखतंय? मी पाहिलंय की लिहिणारे बहुतेक वेळा ‘फार काम आहे’ असं सांगत येतात आणि बोलता बोलता निघतं ते वेगळंच. कुणाचे पैसे चार-चार महिने अडकलेले असतात. कुणाच्या सीनवर तिसऱ्याच माणसाचं नाव जातं. कुणाला जे लिहायला लागतंय त्याची मनातून लाज वाटते. भार कमी करून यातलं काहीच सुटत नाही.

दुखणं कळलं की उपाय बारीक असतो. पटकथा आणि संवाद दोन्ही करत असाल तर एक सोडा. संवाद ठेवायचे की पटकथा, हे पैशावर नका ठरवू. कशाने जास्त झोप उडते त्यावर ठरवा. दुसऱ्या लेखकाबरोबर आठवडा वाटून घेता येतो का विचारा. हे आता चालतं, आणि निर्मात्यालाही भागांची बँक, म्हणजे आधीच तयार असलेले भाग, हवीच असते. डिझायनर असाल तर सगळे क्लायंट एकाच मापाने मोजू नका. पैसे कमी देणारा आणि बदल सर्वात जास्त सांगणारा माणूस बहुधा एकच असतो, त्याचं काम आधी सोडा. अनुवादक असाल तर दिवसाची पानं निम्म्यावर आणा आणि मुदत वाढवून मागा. पुस्तकाच्या प्रकाशनाला पंधरा दिवसांनी सहसा काही बिघडत नाही.

आणि रात्री साडेअकराला येणारा ‘जरा एक छोटा बदल’ हा मेसेज. तो सकाळी वाचा. सलग दोन आठवडे सकाळी वाचलात की पाठवणाऱ्याला तुमची वेळ समजते. शूटिंग चालू असताना हे जमणार नाही, मान्य. पण सगळे दिवस शूटिंगचे नसतात.

दिवाळी अंकांच्या संपादकांना नाही कसं म्हणू? वर्षानुवर्षांचे संबंध आहेत.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्यांचं वर्ष पावसाळ्यात तापतं. जूनमध्ये फोन सुरू होतात, ऑगस्टमध्ये आठवणी, गणपतीत तगादे. एकेक चित्रकार आठ-दहा अंकांची रेखाटनं एकाच वेळी करत असतो आणि कथा वाचायलाही वेळ नसतो. मला या परंपरेबद्दल मनापासून माया आहे. म्हणूनच दमलेल्या माणसाने कथा न वाचता काढलेलं चित्र तिच्यात जाऊ नये असं वाटतं.

लांबलचक कारणं देऊ नका. एवढं पुरतं : ‘नमस्कार. यंदा प्रकृतीच्या कारणाने दिवाळीचं काम घेत नाहीये. अंकाला मनापासून शुभेच्छा. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मीच फोन करेन.’ मार्चचा उल्लेख जरूर करा, त्याने संबंध तुटत नाही. एखादा होतकरू चित्रकार माहीत असेल तर त्याचं नाव सुचवा. आणि हे जूनमध्ये सांगा. सप्टेंबरमध्ये पाय मागे घेतला तर संपादकाची खरोखर पंचाईत होते.

प्रेरणा मिळवायला काय वाचू, काय पाहू?

तुमच्या धंद्यातलं काही नको. मालिकावाल्याने मालिका बघू नयेत, डिझायनरने डिझाइनच्या साइट उघडू नयेत. तिथे गेलं की लगेच तुलना आणि हिशेब सुरू होतो.

चाला. 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. एखाद्या वस्तूचे निरनिराळे उपयोग सुचवा, अशा प्रकारचं काम लोकांना बसून आणि चालताना दिलं. चालताना सुचणाऱ्या कल्पना सरासरी 60 टक्क्यांनी वाढल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. एकच बरोबर उत्तर शोधायच्या कामात मात्र चालण्याचा फायदा दिसला नाही. म्हणून कथानक सुचायला चाला आणि अडलेला सीन दुरुस्त करायला बसा, असं मी शिकवते. कानात पॉडकास्ट न घालता चाललात तर आणखी चांगलं. भाजीवाली आणि तिची सून काय बोलतात ते ऐकू येतं.

जिथे वस्तू निवांत पडून आहेत अशा जागी जा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एका दालनात नुसते दिवे, अडकित्ते बघत दुपार जाते. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्यात जुन्या मुंबईतल्या माणसांची मातीची छोटी प्रतिरूपं आहेत. त्यांच्या पगड्या न्याहाळत बसा.

आणि एकदा तरी सिंधुदुर्गात किंवा गोव्याच्या पेडण्याकडे दशावतार बघा. कार्तिकात जत्रा सुरू होतात. देवळाच्या आवारात साधा मंच, हार्मोनियम, पखवाज, झांज. रात्र चढत जाते. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद कुणीही लिहून दिलेले नसतात. नट पुढ्यातल्या नटाचं ऐकतो आणि त्याच्या शब्दातून आपला शब्द काढतो. राजा रागावतो तेव्हा बाकावर अर्धवट झोपलेली पोरं दचकून उठतात. साडी नेसून नायिकेची भूमिका करणारा नट विलाप करतो आणि पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसतात. संवाद लिहून दमलेल्या माणसाला हे बघणं काय देऊन जातं ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही. एवढं नक्की की बोलणं कागदाच्याही आधी होतं, माणूस समोर असला की ते येतं, हे तिथे पुन्हा दिसतं. वही नेऊ नका.

मोबाइलचं काय? दुसऱ्यांचं काम पाहून जीव जळतो.

इन्स्टाग्राम फोनवरून काढून टाका. कामासाठी लागत असेल तर लॅपटॉपवर, ठरलेल्या वेळी. मत्सर वाटतो म्हणून स्वतःला दोष देत बसू नका, दमलेल्या माणसाला तो वाटतोच.

डायरी लिहिल्याने फायदा होतो का?

काहींना होतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी 1980 च्या दशकात केलेल्या प्रयोगांपासून या पद्धतीचा बराच अभ्यास झाला आहे : सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल न थांबता लिहायचं. शुद्धलेखन नाही, रचना नाही, कुणी वाचणार नाही. लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटतं, ते ठीक आहे. पण लिहून रोज जास्तच खोलात जात असाल, तीच जखम तशीच उकलत असाल, तर थांबा आणि समुपदेशकाशी बोला. पगारासाठी रोज हजारो शब्द लिहिणाऱ्याला डायरी म्हणजे ओव्हरटाइम वाटतो. त्याने मित्राला फोन करून बोलावं.

छंद म्हणून केक, मातीची भांडी, भरतकाम सुरू केलं. चांगलं जमतंय. ऑर्डर घेऊ का?

आत्ता नको. लोक कौतुकाने म्हणतील, ‘अगं, विकायला ठेव!’ हसून आभार माना. ज्या दिवशी पहिली ऑर्डर येते त्या दिवशी मुदत येते, रंगाबद्दल तक्रार येते, आणि बरं व्हायची जी एक जागा सापडली होती तिथेही कामाची सवय शिरते. वर्षभराने, पूर्ण बरे झाल्यावर, वाटलं तर बघा.

घरचे म्हणतात, ‘घरीच तर बसून लिहितोस, दमायला काय होतं?’

हा प्रश्न विचारताना बहुतेकांचा आवाज कापतो. घरच्यांना तुमचं काम दिसत नाही. त्यांना दिसतो तो खुर्चीत बसलेला, खिडकीबाहेर बघणारा माणूस. म्हणून त्यांच्यावर चिडण्याआधी एकदा दिवस उलगडून सांगा : आज सकाळी सहा सीन पाठवले, चार परत आले, दोनदा बदलले, पैसे फेब्रुवारीपासून आलेले नाहीत. आकडे आणि वेळा सांगितल्या की वडील मंडळींना पटतं. ‘मला बर्नआउट झालाय’ यापेक्षा ‘बाबा, मला रात्री झोप लागत नाही आणि डॉक्टरांनी काम कमी करायला सांगितलंय’ हे वाक्य आपल्या घरांत लवकर पोहोचतं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. लेखिका कामातून सुट्टी घेते तेव्हा घर धरून चालतं की आता ती घरकामाला मोकळी झाली. सासूचं पथ्य, मुलांचा अभ्यास, पाहुणे, सगळं तिच्याकडे सरकतं आणि विश्रांती कागदावरच राहते. सुट्टीच्या आधीच बोलून ठेवा : दुपारी दोन ते चार माझी आहेत, दार बंद असेल. सुरुवातीला कुरकुर होईल. होऊ द्या.

हे घरातल्या माणसांपैकी कुणी वाचत असेल तर तुमच्यासाठी : रोज ‘काही लिहिलंस का?’ विचारू नका. ‘फिरायला येतोस का?’ विचारा, आणि वाटेत कामाचा विषय काढू नका. चहा त्याच्यासमोर ठेवा आणि पाच मिनिटं बसा.

एआय वापरून काम उरकलं तर चालेल?

बिलं, ईमेल, भाषांतराचा कच्चा खर्डा, सारांश, अशा रटाळ कामांसाठी जरूर वापरा, करारात मनाई नसेल तर. ज्या कामात तुमचा जीव आहे ते मात्र त्याला देऊ नका. ते काम थोडं, हळू, वाईट का होईना, तुमच्याच हातून होऊ द्या. परत यायचं आहे ते तिथेच.

बरं व्हायला किती दिवस लागतात?

काही महिने धरून चला. आकडा कुणीच खात्रीने देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्या कोर्सला पैसे भरू नका. मधे चांगला आठवडा येईल, त्याच्या मागोमाग वाईट येईल. चांगल्या आठवड्यात राहिलेलं सगळं काम उरकायला धावू नका, पुढचा वाईट आठवडा बहुतेक त्यातूनच येतो.

सुधारणा पानांच्या संख्येत दिसत नाही. ती आधी दुसरीकडे दिसते. लोकलमध्ये दोन बायकांचं भांडण ऐकताना तुम्ही स्टेशन विसरता. दुकानाच्या पाटीवरचं अक्षर बेढब आहे हे पुन्हा खटकायला लागतं. भांडी घासताना गुणगुणता. कुणाच्या तरी वाईट सिनेमाबद्दल तावातावाने बोलता. मला विद्यार्थ्यांच्या फोनवर हा ताव ऐकू आला की फार आनंद होतो, कारण तुसडेपणा गेल्याशिवाय माणूस कशावर इतकं मनापासून चिडत नाही.

पुन्हा काम सुरू करताना काय ठरवून घ्यावं?

सगळं लेखी. बदलांच्या फेऱ्या किती, त्यानंतरच्या फेरीचे पैसे किती. आगाऊ रक्कम किती आणि उरलेली किती दिवसांत. श्रेयनामावलीत नाव कसं जाईल. काम मध्येच रद्द झालं तर झालेल्या कामाचे पैसे मिळतील का. फोनवर बोलणं झालं तरी त्याच संध्याकाळी ईमेलवर दोन ओळी टाकायच्या : ‘आज आपलं असं ठरलं.’ नव्या मुलांना हे मागायला संकोच वाटतो. ज्येष्ठांनी मागितलं तर त्यांची वाट सोपी होते, म्हणून ज्येष्ठांनी आधी मागावं.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा. तो रविवार असलाच पाहिजे असं नाही. महाएपिसोडच्या आठवड्यात तो मंगळवारी घ्या, पण घ्या.

पहिलं काम कोणतं घेऊ?

छोटं, लांब मुदतीचं आणि ओळखीच्या माणसाचं. मुलांच्या मासिकाला एक गोष्ट, एका लेखासाठी दोन रेखाटनं, कुणाची एकांकिका वाचून तिच्यावर टिपण. नव्या मालिकेच्या लाँचचं काम एवढ्यात नको. त्या महिन्यांत चॅनेलकडून रोज बदल येतात आणि पहिले काही भाग कित्येकदा नव्याने लिहावे लागतात. त्याऐवजी चालू मालिकेच्या मुख्य लेखकाला फोन करून आठवड्याचे दोन भाग मागा. पात्रं बसलेली असतात, त्यांची बोली ठरलेली असते, तुम्हाला फक्त त्यांना बोलतं करायचं असतं. अशी कामं असतात, पण त्यांची जाहिरात येत नाही. विचारावं लागतं.